आजारी ऑर्किडचे पुनरुज्जीवन : घरगुती उपायांची शास्त्रीय चिकित्सा

बीजसंज्ञा : ऑर्किड, आमरी, अपिवनस्पती, व्हेलामेन, मूळकूज, घरगुती उपचार

प्रस्तावना

गेल्या दोन-अडीच दशकांत ऑर्किड या फुलझाडाचे आपल्याकडील स्थान पालटले आहे. एकेकाळी मोठी हॉटेले, पुष्पप्रदर्शने आणि हौशी धनिकांची हरितगृहे एवढ्यापुरते मर्यादित असलेले हे झाड आता शहरातील कोणत्याही बऱ्या रोपवाटिकेत मिळते. महाविद्यालयीन सत्कारसमारंभातही शाल-श्रीफळासोबत पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी देण्याची पद्धत रुळू लागली आहे. ही कुंडी घरी किंवा विभागात येते, दोन-तीन महिने फुलांनी डोळ्यांचे पारणे फेडते आणि मग फुले गळून पडल्यावर हळूहळू तिची रया जाते. पाने मलूल होतात, त्यांवर सुरकुत्या पडतात, बुडाशी पिवळेपणा येतो. अशा वेळी माळी हाताशी नसतो, पुस्तक उघडण्यास सवड नसते. मग स्वयंपाकघरातील डबे उघडले जातात. दालचिनीची पूड, लसणाचे पाणी, तांदळाचे धुवण, साखरपाणी, केळीची साल, बर्फाचे खडे असे नाना उपाय सुचवले जातात आणि करूनही पाहिले जातात.

या उपायांपैकी कशाला वनस्पतिशास्त्राचा आधार आहे, कशाला नाही, आणि आजारी झाड सावरण्याचा शास्त्रशुद्ध क्रम कोणता, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आरंभीच एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. घरगुती द्रव्य ऑर्किडला बरे करीत नाही. ऑर्किड नवे मूळ फोडून स्वतःच बरे होते. आपण फक्त त्याच्या वाटेतील अडथळा दूर करावयाचा असतो. आणि बहुसंख्य वेळा तो अडथळा आपणच घातलेले पाणी हा असतो.

ऑर्किडची जीवनपद्धती

मराठीत आमर किंवा आमरी या नावाने ओळखले जाणारे ऑर्किडेसी हे कुल सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून जगात त्याच्या सुमारे अठ्ठावीस हजार जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत भारतातील १,२५६ जातींची नोंद आहे व त्यांपैकी ७५७ जाती अपिवनस्पती, म्हणजे झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढणाऱ्या आहेत. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी आंब्या-फणसाच्या फांद्यांवरून गुलाबी घोसांनी लोंबणारी सीतेची वेणी ही अशीच एक अपिवनस्पती होय. आसाममध्ये हेच फूल कोपौ फूल म्हणून बिहू नर्तिकांच्या केसांत माळले जाते आणि तेथे त्याला राज्यपुष्पाचा मान आहे.

झाडावर वाढते म्हणून ऑर्किडला बांडगूळ म्हणण्याची चूक आपल्याकडे सुशिक्षितांकडूनही होते. बांडगूळ आश्रयवृक्षाच्या ऊतींत मुळे घुसवून त्याचे पाणी व क्षार शोषून घेते. ऑर्किड आश्रयवृक्षाकडून केवळ आधार घेते. गंमत अशी की या गैरसमजाची खूण शास्त्रीय नावातही उरली आहे. व्हँडा हे प्रसिद्ध प्रजातिनाम ज्या संस्कृत ‘वंदा’ शब्दावरून घेतले गेले, तो झाडावर वाढणाऱ्या परोपजीवी वनस्पतींसाठीही वापरला जाई.

या भेदाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. फांदीवर राहणाऱ्या वनस्पतीला माती नाही. पाऊस पडतो, सालीवरून पाणी ओघळते, मुळे चिंब होतात आणि तासाभरात वाऱ्याने पुन्हा कोरडी होतात. या ओल्या-सुक्या चक्रासाठी ऑर्किडच्या मुळांवर व्हेलामेन नावाचा मृत पेशींचा, स्पंजासारखा थर असतो. पाणी मिळताच तो ते झपाट्याने शोषून घेतो व आतील जिवंत मुळाला सावकाश पुरवतो. कोरडा असताना या थरात हवा असल्यामुळे मूळ रुपेरी करडे दिसते; भिजल्यावर थर पारदर्शक होऊन आतील हरितद्रव्य दिसू लागते व मूळ हिरवे होते. कुंडी पारदर्शक असेल तर पाणी केव्हा द्यावे हे मुळाच्या रंगावरूनच कळते. हाच थर सतत ओला राहिला तर मात्र आतील मुळाला हवा मिळत नाही, ते गुदमरते आणि मग कवके व जीवाणू त्याचा फडशा पाडतात.

दुसरे वैशिष्ट्य पानांचे. फॅलेनॉप्सिस, व्हँडा यांसारखी जाड पानांची ऑर्किडे पाण्याची बचत करण्यासाठी पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड सेंद्रिय आम्लाच्या रूपात साठवतात व दिवसा सूर्यप्रकाशात त्याचा उपयोग करतात. निवडुंग व अननस यांची रीतही हीच. अशी झाडे पाण्याच्या ताणाने सहसा एकाएकी मरत नाहीत; ती आठवडेच्या आठवडे तग धरतात. आपला उतावीळपणा त्यांना अधिक बाधतो.

लक्षणांचे वाचन

पान सुरकुतले म्हणजे झाडाला पाणी कमी पडते आहे, हे अनुमान चुकीचे नाही. चूक पुढच्या पायरीवर होते. पानाला पाणी कमी पडण्याची कारणे दोन संभवतात : कुंडीत पाणी नाही, किंवा कुंडीत पाणी आहे पण ते उचलणारी मुळे उरलेली नाहीत. दोन्ही स्थितींत पान अगदी सारखेच दिसते. पहिल्या स्थितीत पाणी हे औषध आहे, दुसऱ्या स्थितीत ते विष आहे.

येथे प्रस्तुत लेखिकेचा एक अनुभव सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी निवृत्त होताना सत्कारात मिळालेली फॅलेनॉप्सिसची कुंडी ‘तुम्ही वनस्पतिशास्त्राचे लोक, सांभाळा’ असे म्हणून आमच्या विभागाकडे सोपवली. ती शिक्षककक्षातील खिडकीत ठेवली गेली. पावसाळा संपता संपता पाने लुळी पडू लागली. विभागाचे जुने सेवक, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, पानं मलूल दिसायला लागली म्हणून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालतोय. तरी ती सुधरेनात.” चौकशी केली असता असे आढळले की मामांखेरीज आणखी तिघे सहकारी आपापल्या पाण्याच्या बाटलीतील उरलेले पाणी येता-जाता त्यात ओतत होते. त्यांतील एक मी स्वतः होते. झाड कुंडीतून बाहेर काढले तेव्हा मध्यभागी घट्ट दाबलेल्या शेवाळाचा चिंब गोळा आणि बोटभर लांबीची दोनच धड मुळे हाती आली. वर्गात मूळकूज शिकवणाऱ्यांच्या खिडकीत हे घडले, याची खंत अजून वाटते.

म्हणून सुरकुतलेले पान दिसताच पहिला उपाय म्हणजे झाड कुंडीतून बाहेर काढून मुळे पाहणे. मूळ दोन बोटांत हलके दाबावे. निरोगी मूळ टणक लागते, मग त्याचा रंग पांढरा, हिरवा वा माध्यमाच्या डागांमुळे तपकिरी असो. कुजलेले मूळ पोकळ किंवा बुळबुळीत लागते. ओढल्यास बाहेरील थर मोज्यासारखा निघून येतो व आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरते. केवळ रंगावरून निदान करून चांगली मुळे कापणारे हौशी लोक कमी नाहीत; निर्णय स्पर्शावरून करावा.

काही लक्षणे आजाराची नसतातच. फॅलेनॉप्सिसचे सर्वांत खालचे एखादे पान वर्षाकाठी पिवळे पडून गळणे हे वयपरत्वे होते. फुले गळणे तर स्वाभाविकच. पुन्हा फुले न येणे हेही सहसा दुखणे नव्हे. फॅलेनॉप्सिसला पुष्पदांडा फुटण्यासाठी काही आठवडे साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमान लागते, ते पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात सहज मिळते, मुंबईच्या बंद खोलीत मिळेलच असे नाही. सर्वांत मोठा घोटाळा होतो तो पानझडी ऑर्किडांबाबत. सह्याद्रीतील डेंड्रोबियम बार्बाट्युलम पावसाळ्यानंतर पाने गाळते आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात उघड्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस आणते. वादळाने मोडून पडलेल्या फांदीवरून आणलेले असे एक रोप माझ्या घरी होते. डिसेंबरात ते निष्पर्ण झाले. घरातील मंडळींनी काळजीपोटी रोज पाणी घातले आणि फुलण्याच्या महिन्यात त्याचे सगळे कंद मऊ पडले. विश्रांती घेणाऱ्या झाडावर केलेला तो उपचार होता.

उपचाराचा क्रम

मूळकुजीचे निदान झाल्यावर झाड कोमट पाण्याखाली धुऊन जुने माध्यम संपूर्ण काढून टाकावे. कात्रीची पाती गॅसच्या ज्योतीवर तापवून थंड होऊ द्यावीत. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना हे पुन्हा करावे. मेलेली मुळे जिवंत भागापर्यंत कापावीत, जिवंत मूळ मात्र दोन सेंटिमीटरचे असले तरी राखावे. पुष्पदांडा असल्यास तोही बुडाशी कापावा. मोह होतो खरा, पण मुळे नसलेले झाड पानांतील साठा रिता करून फुले पोसत असते. कापलेला दांडा फुलदाणीत बरेच दिवस टिकतो. त्यानंतर झाड सावलीत, वाऱ्यावर, उघड्या मुळांनिशी एक दिवस सुकू द्यावे. हा कोरडा दिवस बहुतेक औषधांहून गुणकारी आहे, कारण कापलेल्या जागा सुकल्याखेरीज कवकांचा शिरकाव थांबत नाही.

पुढची पायरी किती मुळे उरली यावर अवलंबून आहे. तीन-चार धड मुळे असतील तर झाड नव्या माध्यमात लावावे. त्यासाठी परदेशी साल किंवा शेवाळ लागतेच असे नाही. नारळाच्या सोडणाचे अंगठ्याएवढे तुकडे, लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे हे कोकणात पूर्वापार वापरले जाणारे मिश्रण उत्तम आहे. सोडणात क्षार असतात, म्हणून तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच घ्यावेत. कुंडी मुळे जेमतेम मावतील एवढी लहान व भरपूर भोकांची असावी. मोठ्या कुंडीत ओल दीर्घकाळ साचून राहते. झाड काडीला बांधून स्थिर करावे, कारण झाड डुगडुगले तर नव्या मुळांची कोवळी टोके माध्यमावर घासून मोडतात. ही बारीकशी गोष्ट वगळल्यामुळे कितीतरी झाडे सावरता सावरता पुन्हा खचतात. पहिले तीन-चार दिवस पाणी देऊ नये.

मुळे जवळजवळ संपलीच असतील तर कुंडीचा काही उपयोग नाही. अशा झाडाला बाहेरून दमट हवा पुरवून पानांतील पाणी उडून जाणे थांबवावे लागते. मिठाईच्या दुकानात मिळते तशी मोठी पारदर्शक बरणी किंवा प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी घ्यावी. तळाशी भिजवून घट्ट पिळलेले मूठभर शेवाळ किंवा काथ्या ठेवावा. झाड त्याच्या वर टेकवावे, आत पुरू नये. तोंड झाकून बरणी उजेडात पण उन्हापासून दूर ठेवावी, कारण बंद बरणीवर ऊन पडले तर झाड अक्षरशः उकडते. दोन-तीन दिवसांआड झाकण काढून हवा खेळू द्यावी व बुरशी दिसल्यास ते अधिक काळ उघडे ठेवावे. नव्या मुळाचा हिरवा कोंब दिसण्यास दोन-तीन महिने सहज लागतात. या काळात खत अजिबात देऊ नये. ते घेणारी मुळेच नसतात आणि साचलेले क्षार नव्या टोकांना जाळतात.

विभागातील त्या फॅलेनॉप्सिसला आम्ही ऑक्टोबरात बरणीत ठेवले. डिसेंबर अखेरपर्यंत काहीच घडले नाही, उलट आणखी एक पान गळले. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बुडाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका मामांना प्रथम दिसला.

स्वयंपाकघरातील द्रव्ये

घरगुती द्रव्यांत दालचिनीचा मान पहिला आहे व तो काही अंशी रास्त आहे. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड हे द्रव्य अनेक कवकांची वाढ रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. शिवाय बारीक पूड ओल शोषून जखम सुकवते. परंतु हा दुसरा गुणच तिचा दोषही आहे. निरोगी मुळांवर पूड भुरभुरल्यास व्हेलामेन कोरडे पडून चांगले मूळ मरते. म्हणून पूड फक्त कापलेल्या जागेवर, बोटाच्या टोकाने, चिमूटभर लावावी. कुंडीतील माध्यमावर ती पसरण्याची पद्धत सर्वथा त्याज्य होय. हळदही आपल्या परंपरेत जखमेवर लावली जाते व कवकरोधक गुण तिच्यातही आहेत. दालचिनी नसल्यास कापलेल्या जागी ती चालेल, तिच्याकडून अधिक अपेक्षा मात्र ठेवू नये. ऊतींच्या आत शिरलेली कूज या दोहोंपैकी कशानेही थांबत नाही, ती कापूनच काढावी लागते.

हायड्रोजन पेरॉक्साइड हे स्वयंपाकघरातील नव्हे, औषधपेटीतील द्रव्य. पण त्याचा बोलबाला फार आहे. ते ओतताच फेस येतो व जंतू मरत असल्याचे समाधान मिळते. वस्तुतः हा फेस पेशींतील कॅटालेज विकरामुळे पेरॉक्साइडचे विघटन होऊन सुटणाऱ्या ऑक्सिजनचा असतो आणि हे विकर झाडाच्या जिवंत पेशींतही असते. तेव्हा फेस हे रोगनाशाचे प्रमाण नव्हे. तीन टक्क्यांचे द्रावण कापलेल्या जागी एकदा लावण्यास हरकत नाही, परंतु दर आठवड्याला कुंडीत ओतल्यास नव्या मुळांच्या नाजूक टोकांना इजा होते. आपल्याकडील औषधदुकानांत ते पुष्कळदा सहा टक्क्यांचे मिळते, हेही ध्यानात ठेवावे.

लसणाच्या पाण्याविषयीही असेच म्हणता येईल. लसूण ठेचल्यावर तयार होणारे ॲलिसिन कवके व जीवाणू यांना रोखते. परंतु ते अस्थिर असून त्याचे लवकर विघटन होते. त्यामुळे पाकळ्या रात्रभर भिजवून, गाळून, बाटलीत साठवलेल्या पाण्यात त्याचा अंश फारसा उरत नाही. लसणाच्या पाण्याने पाने पुसल्यावर झाड टवटवीत झाल्याचे सांगितले जाते, तेव्हा श्रेय पुष्कळसे पुसण्याला असते. धूळ गेलेले पान प्रकाश अधिक घेते. साध्या ओल्या फडक्यानेही तेच साधते. दूध, खोबरेल तेल किंवा अन्य स्निग्ध पदार्थांनी पाने चमकवणे मात्र टाळावे.

साखरपाण्याचा उपाय अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण त्याच्या मुळाशी अर्धसत्य आहे. ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते, त्यात अन्नसाठा नसतो आणि निसर्गात ते कवकाच्या साहाय्याखेरीज रुजत नाही. १९२२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या अगार माध्यमावर, कवकाविना, ऑर्किडचे बी रुजवून दाखवले आणि ऑर्किडच्या व्यापारी लागवडीचा पाया घातला गेला. साखर ऑर्किडला पोसते, हे येथपर्यंत खरे. परंतु ते निर्जंतुक चंबूत. उघड्या कुंडीतील साखर झाडाच्या आधी कवके, जीवाणू व मुंग्या यांच्या वाट्याला जाते. मुळे कुजलेल्या झाडाला साखरपाणी देणे म्हणजे रोगकारकांची पंगत मांडणे होय. मधाचे पाणीही याच सदरात मोडते.

तांदळाचे धुवण, केळीच्या सालीचा अर्क, चहाचा चोथा, अंड्याची टरफले या साऱ्यांची एकत्र दखल घेणे पुरेसे आहे. हे उपाय मातीतल्या बागकामातून आलेले आहेत. मातीत असंख्य सूक्ष्मजीव या पदार्थांचे विघटन करून झाडाला उपयुक्त क्षार मोकळे करतात. गुलाबाला किंवा कढीपत्त्याला त्यांचा लाभ होतो. ऑर्किडच्या कुंडीत मातीच नाही. तेथे धुवणातील पिष्ट सोडणाच्या तुकड्यांवर चिकट थर धरून आंबते, चहाचा चोथा भेगा बुजवून हवा कोंडतो, सालीभोवती चिलटे जमतात. टरफलांतील कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. झाड सावरून नवी मुळे वाढू लागल्यावर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरमागे अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा दिले तरी पुरते. हे खत घरगुती नाही, पण स्वस्त आहे आणि त्यात काय आहे हे पाकिटावर लिहिलेले असते.

बर्फाचे खडे ठेवून पाणी देण्याची कल्पना ऐकताच उष्ण प्रदेशातील झाडाला थंडी बाधेल अशी शंका येते. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सालीच्या माध्यमातील फॅलेनॉप्सिसला आठवड्यातून बर्फ दिल्याने फुलांचे आयुष्य घटत नाही असे आढळले. शंका निराधार ठरली. पण बर्फाचा खरा गुण पाणी मोजून मिळणे हा आहे, आणि ते काम वाटीनेही होते.

कीड

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण होय. पानामागे चिकटलेले तपकिरी ठिपके नखाने निघत असतील तर ती खवले कीड. येथे मात्र घरगुती उपाय खरोखर प्रभावी ठरतात. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका पुसून काढावा. आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा हे करावे, कारण अंड्यांतून नवी पिल्ले निघत राहतात. प्रादुर्भाव अधिक असल्यास लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व काही थेंब सौम्य द्रव साबण घालून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात तेल फवारल्यास पाने भाजतात. मुंग्या दिसल्या तर त्या या किडींच्या गोड स्रावासाठी आलेल्या असतात, तेव्हा पाने उलटून पाहावीत.

पाणी आणि हवा

पाण्याविषयी नियम सांगायचा तर वाराचा नव्हे, वजनाचा सांगता येईल. पाणी दिल्यावर कुंडी उचलून पाहावी, कोरडी झाल्यावर पुन्हा उचलून पाहावी. हाताला फरक कळू लागला की दिनदर्शिकेची गरज उरत नाही. पाणी सकाळी द्यावे व ते पानांच्या मधोमध साचल्यास कापसाने टिपून घ्यावे. फॅलेनॉप्सिसचा वाढीचा शेंडा एकच असतो आणि तेथे रात्रभर पाणी राहिले तर तो कुजतो. कूपनलिकेचे जड पाणी वापरल्यास कुंडीच्या कडांवर पांढरे क्षार धरतात. अशा ठिकाणी पागोळ्यांचे पाणी साठवावे. पहिल्या एक-दोन सरींत छप्पर धुऊन जाऊ द्यावे, पुढचे पाणी ऑर्किडसाठी सर्वोत्तम असते. एकाच बादलीत अनेक कुंड्या बुडवण्याची रीत सोयीची खरी, पण त्यामुळे एका झाडाचा रोग सर्वांना लागतो.

हवा खेळती असणे हे पाण्याइतकेच महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये जहाजांतून आणलेली असंख्य ऑर्किडे मेली, ती थंडीने नव्हे. उष्ण प्रदेशातील म्हणून त्यांना कोंदट, तप्त, बंद काचघरांत ठेवल्यामुळे. चॅट्सवर्थ येथील प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरांत वारा खेळवला, तापमान जातीनुसार निरनिराळे ठेवले आणि झाडे जगू लागली. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवा आधीच दमट असते. तेव्हा छोटा पंखा मंद गतीने चालवणे हा एक चांगला घरगुती उपाय ठरतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अडचण नेमकी उलट असते. तेथे कुंडीखाली खडे व पाणी भरलेले ताट ठेवावे, कुंडीचा तळ पाण्याला न टेकेल असा. भोवती ओले गोणपाट लावले तरी चालते. वातानुकूलन यंत्राचा झोत मात्र कोठेही नको.

उपायांची मर्यादा

सर्वच झाडे वाचत नाहीत. फॅलेनॉप्सिसचा शेंडा कुजून गेला तरी खोड टणक असेल तर बुडातून नवे पिलू फुटण्याची शक्यता असते, म्हणून घाईने टाकून देऊ नये. डेंड्रोबियमचे पाने गळालेले जुने दांडे हिरवे व टणक असतील तर ओलसर शेवाळावर आडवे ठेवल्यास त्यांच्या पेरांवर रोपे फुटतात. परंतु पानावर पाणी भरल्यासारखा, दुर्गंधीयुक्त डाग तासागणिक पसरत असेल तर ती जीवाणूंची मऊ कूज होय. डागाभोवतीचा बोटभर निरोगी भागही कापून झाड इतरांपासून दूर करावे. काळी कूज खोडात उतरली असेल तर बहुधा उपाय नसतो.

विषाणूंवर तर कोणताही उपाय नाही, घरगुती नाही आणि शास्त्रीयही नाही. सिंबिडियम मोझेइक व ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या ऑर्किडांत आढळतात. पानांवर खोलगट काळपट रेषा किंवा वलये उमटतात, फुलांचे रंग चिरफाळतात. कधी लक्षणे दिसतही नाहीत. ते मुख्यतः न तापवलेल्या कात्रीने व दूषित पाण्याने पसरतात. असे झाड नष्ट करणेच श्रेयस्कर.

झाड मेले की पोकळी भरून काढण्यासाठी घाटातील फांदीवरचे रोप ओरबाडून आणण्याचा मोह अनेकांना होतो. वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत ऑर्किडचे संपूर्ण कुल समाविष्ट आहे, ते जंगलातून होणाऱ्या अशा वेचणीमुळेच. जंगलातून आणलेले रोप शहरातील खिडकीत बहुधा वर्षभरही टिकत नाही, कारण त्याचा ओल्या-सुक्याचा क्रम, वारा आणि कवकांची सोबत सारेच मागे राहिलेले असते. रोपवाटिकेतील संकरित झाड ऊतिसंवर्धनातून, कुंडीतील जीवनासाठीच वाढवलेले असते व त्याला वाचवणे पुष्कळ सोपे जाते.

शिक्षककक्षातील फॅलेनॉप्सिसला पुढील पावसाळ्यात दोन नवी पाने आली आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात नाही, तर त्याच्याही पुढील हिवाळ्यात दांडा फुटला. आता कुंडीवर एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘पाणी फक्त मामा घालतील.’